दोरी ओढायची कुणी?

गेल्या वर्षीच्या टेक-फेस्टमध्ये आमच्या ग्रुपने एक मॉडेल ठेवलं होतं. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल, जिन्याखालच्या कोपऱ्यात, पाणीपुरीच्या स्टॉलला लागून. थर्माकोलचा एक आयसीयू, एक आर्डुइनो बोर्ड, एक सेन्सर आणि एक बझर. डॉक्टर हात न धुता पेशंटच्या पलंगाजवळ आला की बझर वाजायचा. शिवाय मोबाईलवर एक चेकलिस्ट, तीही मराठीत. परीक्षकांना आवडलं, दुसरा नंबर आला. (बक्षिसाची रक्कम अजून यायची आहे, पण तो विषय वेगळा.)

सुट्टीत घरी गेल्यावर मी मोठ्या ऐटीत आईला त्याचा व्हिडिओ दाखवला. माझी आई बावीस वर्षं आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. तिने सगळा व्हिडिओ नीट पाहिला आणि विचारलं, "छान आहे गं. पण बझर वाजला आणि डॉक्टर तरीही पुढे आले, तर?"

मी म्हटलं, "मग तू सांगायचं ना, सर थांबा म्हणून."

आई हसली. म्हणाली, "अगं, ते सांगता आलं असतं तर बझर कशाला लागला असता? मला डोळे आहेत की."

झालं! दोन महिने रात्री जागून केलेल्या आमच्या प्रोजेक्टची हवा एका वाक्यात गेली. पण तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, शाळेत मराठी ही तिसरी भाषा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर मराठी विभागाच्या संपादकांना धरावं, त्यांनीच मागे लागून लिहून घेतलंय.

त्या दिवशी आईने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने इतक्या वर्षांत घरी कधी सांगितली नव्हती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. रात्रपाळी होती. पन्नाशीतला एक शेतकरी ॲडमिट झालेला, बीपी उतरत चाललेलं, सेंट्रल लाइन टाकायची होती. सेंट्रल लाइन म्हणजे मानेजवळच्या किंवा छातीजवळच्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाजवळपर्यंत नेलेली बारीक नळी. तिच्यातून औषधं पटकन देता येतात. पण ज्या वाटेने औषध जातं त्याच वाटेने जंतूही थेट रक्तात जाऊ शकतात, म्हणून ती टाकताना सगळं निर्जंतुक असावं लागतं. डॉक्टर तरुण होते, आदल्या दिवसापासून झोपलेले नव्हते. ग्लोव्ह्ज घातल्यावर त्यांचा हात पलंगाच्या कठड्याला लागला. आईने पाहिलं. ग्लोव्ह्ज बदलायला एक मिनिटही लागत नाही. पण ती बोलली नाही.

का नाही बोलली? कारण थोड्याच दिवसांपूर्वी तिच्याबरोबरच्या एका सिस्टरने एका मोठ्या डॉक्टरांना असंच काही सांगितलं होतं. डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांसमोर विचारलं, "सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार का?" आणि पुढच्या ड्यूटी लिस्टमध्ये त्या सिस्टरला ओळीने नाइट लागल्या. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

चौथ्या दिवशी शेतकऱ्याला थंडी वाजून ताप भरला. तो वाचला, पण आणखी सोळा दिवस आयसीयूत राहिला. डिस्चार्जच्या दिवशी त्याचा मुलगा जिन्यात उभा राहून फोनवर कुणाशी तरी जमिनीबद्दल बोलत होता, एवढं आईच्या कानावर पडलं. तो ताप त्या ग्लोव्हमुळे आला की नाही हे आईला आजही ठाऊक नाही, आणि आता कळण्याची सोयही नाही. "पण बाई, मला तो कठडा अजून दिसतो," ती म्हणाली.

मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी असल्यामुळे आधी मी यात दोषी पार्ट शोधायला लागले. डॉक्टर? ते थकलेले होते, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आई? तिचं चुकलंच, ती स्वतः म्हणते. पण मला वाटतं, खरा निर्णय त्या रात्री झालाच नव्हता. तो ड्यूटी लिस्ट बनवताना झाला होता. भिंतीवर 'पेशंटची सुरक्षा सर्वप्रथम' असं लिहिलेलं होतं म्हणे, पण हॉस्पिटलमधल्या लोकांनी नियम वाचला तो ड्यूटी लिस्टवरून. लीडरशिप म्हणजे भाषण, व्हिजन वगैरे आपण प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये बोलतो. आईच्या वॉर्डात लीडरशिप म्हणजे बोलणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात कुठली पाळी लागते, एवढंच.

हे वाचून कुणी म्हणेल, आपल्याकडे असंच चालायचं. तसं नाही. हीच नळी, हाच प्रॉब्लेम, आणि ठिकाण जगातल्या अत्यंत नावाजलेल्या हॉस्पिटलांपैकी एक, अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. तिथे २००१ च्या फेब्रुवारीत जोसी किंग नावाची दीड वर्षांची मुलगी गेली. भाजल्यामुळे ॲडमिट झालेली, बरी होत आलेली. मुलगी सारखी पाणी मागतेय, काहीतरी चुकतंय असं तिची आई सांगत होती, पण तिचं म्हणणं वेळेवर कुणी मनावर घेतलं नाही. त्याच हॉस्पिटलमध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आयसीयू बघत होते. सेंट्रल लाइनच्या इन्फेक्शनसाठी त्यांनी एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. हात धुवा. क्लोरहेक्झिडिनने त्वचा साफ करा. टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्ह्ज घाला आणि पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर टाका. शक्यतो जांघेतली शीर टाळा. गरज संपली की नळी काढून टाका. यात नवीन काय? काहीच नाही, हे मेडिकलच्या पोरांनाही पाठ असतं. पण नर्सना महिनाभर नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं तेव्हा दिसलं, की एक तृतीयांशाहून जास्त पेशंटच्या बाबतीत डॉक्टर यातली एखादी तरी पायरी गाळत होते.

पुढचं जे त्यांनी केलं ते मला दोन भागांत दिसतं. पहिला भाग आपल्या सिलॅबसमधला. लाइन टाकायचं सामान आठ वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेलं असायचं, म्हणजे एखादी वस्तू विसरणं ठरलेलंच. ते सगळं एका ढकलगाडीवर आणून ठेवलं. वर्क स्टडीचा पेपर दिलेल्या कुणालाही हे सुचेल. दुसरा भाग मात्र कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही. व्यवस्थापनाने नर्सना अधिकार दिला, की डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवायचं. यावर दोन्ही बाजू नाराज! नर्स म्हणाल्या, डॉक्टरांवर पोलिसगिरी करणं आमचं काम नव्हे. डॉक्टर म्हणाले, नर्सने चारचौघांत चूक दाखवली तर आमची किंमत काय राहील? प्रोनोव्होस्ट यांनी नर्सना सांगितलं, डॉक्टर ऐकत नसेल तर मला पेजरवर बोलवा, दिवस असो की रात्र. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कागद कुणीही छापतो. रात्री तीन वाजता सिस्टरसाठी उठून, आपल्याच बरोबरीच्या डॉक्टरला 'ती बरोबर आहे' असं सांगायची तयारी किती जणांची असते? तिथे इन्फेक्शनचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं.

मग हा प्रयोग मिशिगन राज्यात शंभराहून जास्त आयसीयूंमध्ये झाला. त्याचे आकडे २००६ मध्ये छापून आले. दर हजार नळी-दिवसांमागे (म्हणजे एका पेशंटला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) सरासरी ७.७ इन्फेक्शन्स होती, ती दीड वर्षात १.४ वर आली. यात एक गंमत आहे. प्रत्येक हॉस्पिटलच्या एका बड्या अधिकाऱ्याला आयसीयू वाटून दिला होता आणि त्याने अधूनमधून स्वतः तिथे यायचं होतं. एसी ऑफिसातली ही मंडळी वॉर्डात आली तेव्हा त्यांना कळलं, की ज्या क्लोरहेक्झिडिनवर एवढी चर्चा चाललीय ते एक तृतीयांश आयसीयूंमध्येसुद्धा धड मिळत नाही! नर्स बिचारी कितीही कर्तव्यदक्ष असली तरी ती खरेदी खात्याला हुकूम देऊ शकत नाही. साहेब देऊ शकतो. काही आठवड्यांत माल आला. म्हणून 'खालच्यांना अधिकार द्या' एवढं म्हणून साहेबाची सुटका होत नाही, त्याला खाली यावंही लागतं.

आता आपल्या विषयाकडे. पाचव्या सेमिस्टरला आपल्याला टोयोटा प्रॉडक्शन सिस्टीम असते, आठ मार्कांना. कायझेन, जिदोका, अँडॉन... परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचे, पेपरात उतरवायचे आणि मेसमध्ये जाऊन विसरायचे. अँडॉनची दोरी मी प्रत्यक्ष पाहिली ती चाकणला इंडस्ट्रियल व्हिजिटला. असेंब्ली लाइनच्या डोक्यावरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी एक दोरी गेलेली. कामगाराला काही चुकीचं वाटलं की ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. तेवढ्यात दुरुस्त झालं तर लाइन चालू राहते, नाही झालं तर थांबते. तिथल्या सुपरवायझरना आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, उगाचच ओढली तर?" ते म्हणाले, "तरी मी आधी 'थँक यू' म्हणतो. एकदा ओरडलो की नंतर खरं असेल तेव्हाही कुणी ओढणार नाही." आम्ही ते वहीत लिहिलं नाही, कारण परीक्षेत येणार नव्हतं.

अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलने ही दोरी चक्क हॉस्पिटलमध्ये आणली. तिथले प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन २००२ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानला गेले, कारखाने पाहिले आणि परत येऊन नियम केला, की पेशंटला धोका दिसला तर कुणीही कर्मचारी काम थांबवू शकतो. कुणीही म्हणजे सफाई करणाऱ्या मावशीसुद्धा. ऐकायला किती छान! पण दोनच वर्षांनी, २००४ च्या नोव्हेंबरमध्ये, तिथे मेरी मॅक्लिंटन या ६९ वर्षांच्या बाई गेल्या. मेंदूच्या रक्तवाहिनीवर उपचार चालू असताना, एक्स-रेमध्ये शीर दिसावी म्हणून देतात त्या द्रवाऐवजी त्यांना जंतुनाशक टोचलं गेलं. टेबलावर तीन सारखी भांडी होती. सलाइन, डाय आणि क्लोरहेक्झिडिन. तिन्ही पाण्यासारखे स्वच्छ, लेबल एकावरही नाही. आधी तिथे तपकिरी रंगाचं आयोडिनवालं जंतुनाशक वापरत, ते बदलून हे बिनरंगाचं आणलेलं. म्हणजे बघा, प्रोसेस सुधारायला गेले आणि जो रंग बिनबोभाट सगळ्यांना सावध करत होता तोच काढून टाकला! आपल्या मशिन डिझाइनच्या सरांना हे उदाहरण नक्की आवडेल.

मला यात चुकीपेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉस्पिटलने झाकपाक केली नाही. चूक आमची आहे हे जाहीरपणे मान्य केलं, माफी मागितली. आणि पुढे पेशंटच्या सुरक्षेसाठी चांगलं काम करणाऱ्या टीमला दरवर्षी जो पुरस्कार देऊ लागले त्याला नाव दिलं मेरी मॅक्लिंटन यांचं. ज्या चुकीची आपल्याला लाज वाटते तिचं नाव दरवर्षी स्टेजवरून स्वतःच घ्यायचं! आपल्याकडे अशा वेळी आधी काय होतं? त्या खोलीतल्या सर्वांत खालच्या माणसाची सस्पेन्शन ऑर्डर निघते.

चेकलिस्ट म्हटलं की डॉ. अतुल गावंडे यांचं नाव येतंच. ते अमेरिकेतले सर्जन, वडील मूळचे उमरखेडजवळच्या उटी गावचे, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच अभिमान. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी केली. भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी ती मोठ्याने वाचायची. त्यात एक मुद्दा असा, की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. मला आधी हे पोरकट वाटलं, आपल्या फ्रेशर्स पार्टीसारखं. आईला वाटलं नाही. ती म्हणाली, "एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा उघडतो." दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये याची चाचणी झाली, निकाल २००९ मध्ये आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं.

इथे लेख संपवला असता तर आमच्या बझरवाल्या प्रोजेक्टला बरं वाटलं असतं. पण कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सरकारने सगळीकडे लागू केली. १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. यादी भरल्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर, आणि मृत्यू होते जवळपास तेवढेच. ०.७१ टक्के होते, ते ०.६५ झाले, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशेबात काही फरक नाही. यावर तज्ज्ञांमध्ये पुष्कळ वाद झाले, ते सगळे मला समजले असा माझा दावा नाही. पण 'भरली' आणि 'वापरली' यातला फरक समजायला मला कॅनडापर्यंत जावं लागलं नाही. आईच्या हॉस्पिटलमध्येही आता छापील फॉर्म आहे. तपासणी आली की आदल्या रात्री नाइटच्या सिस्टर बसून महिनाभराचे टिक करतात, दोन रंगांच्या पेनांनी, म्हणजे खरं वाटावं!

उत्तर प्रदेशातलं उदाहरण तर आणखी विचार करायला लावतं. तिथे १२० प्रसूती केंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत यादीबरोबर शिकवणारी माणसंही दिली. दीड लाखाहून जास्त बाळंतिणींची नोंद ठेवली. माणसं बरोबर असेपर्यंत कामाची पद्धत खरोखर सुधारली, ती कमी झाली तशी घसरली. आणि २०१७ मध्ये निकाल आला, की आई-बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं नाही हे कबूल करते. बोलायची मुभा असली तरी हातात कौशल्य आणि कपाटात औषध लागतंच.

माझा शाळेतला एक मित्र एमबीबीएस करतोय. त्याला हे सगळं सांगितलं तर तो वैतागला. "तुम्हा इंजिनिअर लोकांना पेशंट म्हणजे नटबोल्ट वाटतो. हृदय बंद पडलं की मीटिंग घ्यायची का? तिथे एकाच माणसाचा आवाज चालतो." त्याचं बरोबर आहे. त्या चार मिनिटांत एकानेच निर्णय घ्यायचा असतो. पण त्यालाच विचारलं की तुम्हाला शिकवतात काय, तर म्हणाला, लीडरने औषध सांगितलं की देणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, डोस चुकीचा वाटला तर तिथेच बोलायचं, आणि लीडरने मध्येच विचारायचं, 'आपलं काही राहतंय का?' म्हणजे एकाचा आवाज चालतो, पण कान बंद ठेवून नाही. वाद तिथेच संपला, कारण त्याला ओपीडीला जायचं होतं.

आता जरा आपल्या घरचं. हॉस्टेलच्या मेसमध्ये एक तक्रार वही आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे (ही दोरी मात्र सगळे ओढतात). वहीत पहिल्या पानापासून 'पोळ्या कच्च्या' असं लिहिलेलं आहे आणि खाली दर आठवड्याला 'पाहिले' अशी सही. याला प्रोसेस म्हणतात. दुसरीकडे आपलं वर्कशॉप. फर्स्ट इयरला असताना आमच्या बॅचच्या एका मुलाने दुसऱ्याच्या लेथचं लाल बटण दाबलं, कारण त्याला वाटलं शर्टाची बाही चकजवळ गेलीय. बाही गेलेली नव्हती. जॉब मात्र खराब झाला. सगळे हसले, तो रडवेला झाला. तेव्हा वर्कशॉपच्या काकांनी मशिनी बंद करायला लावल्या आणि म्हणाले, "जॉब मी दुसरा देतो. हात कोण देणार आहे?" आणि त्याच्या जर्नलवर सगळ्यांच्या आधी सही केली. काका डिप्लोमासुद्धा नाहीत असं आम्ही तेव्हा कुजबुजायचो. त्या सेमिस्टरमध्ये ते लाल बटण आणखी तीनदा दाबलं गेलं. त्यातल्या एका वेळी एका मुलीची ओढणी खरोखरच अडकत होती. ती मुलगी मी.

आपल्यापैकी काही जण चार-पाच वर्षांत शॉप फ्लोअर सांभाळतील, काही हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर लिहितील, एखाददुसरा तर हॉस्पिटलचा मॅनेजरही होईल. तेव्हा आपण फॉर्म बनवू, डॅशबोर्ड बनवू, बझरही लावू, आपल्याला ते येतं. माझं म्हणणं एवढंच, की बझर लावण्याआधी तो ऐकून जो माणूस पहिल्यांदा 'थांबा' म्हणेल त्याचं पुढच्या महिन्यात काय होणार, हे लेखी ठरवून घ्यावं, आणि खाली सही सर्वांत वरच्या माणसाची असावी. आमच्या मॉडेलमध्ये तेवढं राहिलं होतं. यंदा टेक-फेस्टला आम्ही ते पुन्हा करतोय, तर सेन्सर बदलण्यापेक्षा यावर डोकं लावलंय. अजून जमलेलं नाही.

लेख लिहून झाल्यावर रविवारी आईला फोनवर वाचून दाखवला. तिने सेंट्रल लाइनच्या वर्णनात एक दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. मग मी विचारलं, "आई, आज रात्री तसंच झालं तर तू बोलशील?"

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ड्यूटीवर कोण डॉक्टर आहे, त्यावर आहे गं."

मग तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. तिची नाइट होती.